किंमत पिणाऱ्यांना उत्तर

‘प्यायची तर चांगली प्यावी, नाहीतर पिऊच नये.’ बंगळूरमधल्या मराठी मित्रमंडळींत हे वाक्य हल्ली सुभाषितासारखं फिरतं. ऐकायला ते संयमाचं वाटतं, पण बोलणाऱ्याला म्हणायचं असतं एवढंच, की महाग प्यावी. पुढे त्याचं सगळं तत्त्वज्ञान ओळीने येतं. स्वस्त बाटलीत चव नसते, नशा असते. व्हिस्कीवर बोलायचा अधिकार बारा-अठरा वर्षं मुरलेलं स्कॉच कपाटात असणाऱ्यालाच आहे. भारतीय व्हिस्की ही व्हिस्कीच नव्हे. अमेरिकन बर्बन म्हणजे नवशिक्यांचं गोड पेय. आणि परवडणाऱ्या चार बाटल्या शेजारीशेजारी ठेवून घोट घोट तुलना करत बसणारा माणूस म्हणजे ‘क्वार्टरवाला’, त्याने आपल्या मताचं वजन कुणाला सांगू नये.

मी तोच माणूस आहे. माझ्यासारखे या शहरात पुष्कळ आहेत. आम्ही तज्ज्ञ नाही, दारूच्या धंद्यात नाही. पगारात बसेल तेवढंच घेतो, थोडं घेतो आणि जे घेतो त्याची चव नीट पाहतो. वरच्या मतांतलं एकही मत तपासून घेतल्यावर टिकत नाही, असं माझं ठाम म्हणणं आहे.

किमतीपासूनच सुरुवात करू, कारण सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. आपल्या देशात दारूच्या बाटलीवरची किंमत नेमकं काय मोजते? आंतरराष्ट्रीय मद्यकंपन्यांच्या भारतातल्या संघटनेने 2023 साली राज्याराज्यांतल्या किमतींची तुलना प्रसिद्ध केली होती. गोव्यात 100 रुपयांना मिळणारी बाटली महाराष्ट्रात 226 रुपयांना आणि कर्नाटकात 513 रुपयांना पडत होती. बाटली तीच, द्रव तोच, बूचही तेच. फरक होता तो अबकारी कराचा. मग पणजीहून बंगळूरला येताना ती व्हिस्की पाचपट चविष्ट झाली का? 2024 साली कर्नाटक सरकारने कराचे टप्पे बदलले आणि महागड्या बाटल्यांचे भाव खाली आले. आदल्या आठवड्यापर्यंत जी ‘चांगली’ होती ती पुढच्या आठवड्यात कमी चांगली झाली का? फेब्रुवारी 2025 मध्ये केंद्राने बर्बनवरचं आयात शुल्क 150 टक्क्यांवरून 100 टक्क्यांवर आणलं. केंटकीतल्या पिंपात त्या दिवशी काय बदललं? जी माणसं किमतीवरून दर्जा ठरवतात, ती खरं तर सरकारी अधिसूचना चाखत असतात.

यावर उत्तर येतं, की कर सोडा, पण महाग गोष्ट जिभेला चांगली लागतेच. लागते, हे खरं आहे. 2008 साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी लोकांना एकच वाइन दोन वेगळ्या किमती सांगून पाजली, एकदा 10 डॉलरची म्हणून आणि एकदा 90 डॉलरची म्हणून. 90 डॉलरचा घोट लोकांना जास्त आवडला. मेंदूच्या तपासणीतही सुखाची जाणीव नोंदवणारा भाग जास्त जागा झालेला दिसला. म्हणजे आनंद खरा होता, पण तो वाइनचा नव्हता, आकड्याचा होता. त्याच वर्षी सहा हजारांहून जास्त अंध चाचण्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. किंमत ठाऊक नसताना सामान्य माणसांना महाग वाइन जास्त आवडते असं काही त्यात आढळलं नाही, उलट किंचित कमीच आवडते असं दिसलं. ही वाइनची उदाहरणं आहेत, व्हिस्कीची नाहीत, असं कुणी म्हणेल. मग व्हिस्कीचं उदाहरण आपल्याच शहरातलं घ्या.

म्हैसूर रस्त्यावर कंबीपुरा इथे अमृत डिस्टिलरीजचा कारखाना आहे. 1948 साली राधाकृष्ण राव जगदाळे यांनी ही कंपनी सुरू केली. 1980च्या दशकात इथे बार्लीपासून माल्ट व्हिस्की बनू लागली, आणि तिचं पुढे काय व्हायचं? उसाच्या मळीच्या स्पिरिटात मिसळून तिची मॅकिंटॉश नावाची मिश्र व्हिस्की व्हायची. आज ज्यांना ‘क्वार्टरवाले’ म्हणून हिणवलं जातं, त्यांच्या ग्लासात जगातल्या नामांकित माल्टची पूर्वज होती. गोदामात माल्टची पिंपं साठत गेली, तेव्हा ती सिंगल माल्ट म्हणून विकावी असं पुढच्या पिढीतल्या नीलकंठ राव जगदाळे यांच्या मनाने घेतलं. त्यांचे चिरंजीव रक्षित तेव्हा इंग्लंडात न्यूकॅसलला शिकत होते. तिथल्या भारतीय उपाहारगृहांत अशी व्हिस्की चालेल का, याची चाचपणी त्यांनी केली. ग्लासगोच्या ‘पॉट स्टिल’ या बारमध्ये ती नाव न सांगता लोकांना दिली गेली. चाखणाऱ्यांनी ती स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातली, चांगली मुरलेली व्हिस्की असल्याचा अंदाज केला. ऑगस्ट 2004 मध्ये ग्लासगोतच तिचं अनावरण झालं. पुढे व्हिस्की-समीक्षक जिम मरे यांच्या 2010च्या ‘व्हिस्की बायबल’मध्ये अमृतच्याच ‘फ्यूजन’ या माल्टला 97 गुण मिळाले आणि जगातल्या उत्तम व्हिस्कींत तिसरं स्थान.

बंगळूरच्या दुकानांत हा सिंगल माल्ट कधी आला? 2010 साली. आपल्या गावात बनलेली वस्तू सहा वर्षं परदेशात विकली गेली, कारण घरच्या गिऱ्हाइकाला ती पटणार नाही अशी धास्ती होती. ती धास्ती चुकीची नव्हती. हेच लोक, जे आज पाहुण्यांपुढे फ्यूजन ठेवून ‘आपल्या बंगळूरची बरं का’ म्हणतात, ते 2003 साली म्हैसूर रस्त्यावरच्या कारखान्याचा माल्ट हातात तरी धरणार होते का? ग्लासगोच्या बारमध्ये ज्यांनी नाव न बघता घोट घेतला, त्या अनोळखी लोकांनी या व्हिस्कीचा निवाडा केला. आमच्या शहरातल्या जाणकारांनी फक्त निकाल वाचला.

आता वयाचा मुद्दा. ‘बारा वर्षांच्या खालचं मी शिवत नाही,’ असं सांगणारे मला भेटतात. वर्षं कुठली, हे मात्र त्यांच्या मनात येत नाही. पिंपात ठेवलेली व्हिस्की दरवर्षी थोडी उडून जाते. स्कॉटलंडच्या थंडीत हे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास असतं. बंगळूरच्या हवेत ते अकरा-बारा टक्क्यांवर जातं. हिशोब सोपा आहे. स्कॉटलंडमध्ये बारा वर्षांनी पिंपात तीन चतुर्थांशाहून जास्त माल शिल्लक असतो. बंगळूरमध्ये तेवढीच वर्षं ठेवली तर जेमतेम चौथा हिस्सा उरतो. उष्णतेत लाकूड आणि स्पिरिट यांची देवाणघेवाणही झपाट्याने होते, म्हणून इथला चार-पाच वर्षांचा माल्ट रंगाने, अंगाने भरलेला असतो. इथे बारा वर्षांचा आग्रह धरणं म्हणजे उडून गेलेल्या दारूचे पैसे भरणं आहे. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनचा माल्ट बनतो. ती कंपनीही मूळ बंगळूरचीच. तिच्या नेहमीच्या बाटल्यांवर वयाचा आकडा नसतो आणि असण्याची गरजही नाही. आकडा पाहून ज्यांना चव लागते, त्यांनी तो गोंदवून घ्यावा आणि आम्हाला प्यायला शांतता द्यावी.

‘भारतीय व्हिस्की म्हणजे रंगवलेली रम,’ हा सर्वांत जुना टोमणा. यात जेवढं तथ्य आहे तेवढं मी देतो. आपल्याकडे व्हिस्की म्हणून विकला जाणारा बराच स्वस्त माल मळीपासून काढलेल्या निर्गंध स्पिरिटावर, म्हणजे ईएनएवर, उभा असतो. युरोपीय संघात धान्यापासून न बनलेल्या आणि निदान तीन वर्षं लाकडात न मुरलेल्या दारूला व्हिस्की म्हणून विकता येत नाही. ठीक. पण म्हणून देशातल्या सगळ्या बाटल्या एका मापाने मोजायच्या? 1995 साली आलेली रॉयल स्टॅग धान्याच्या स्पिरिटात स्कॉच माल्ट मिसळून बनते. मळीवरचं मिश्रण वेगळं, धान्यावरचं वेगळं, आणि संपूर्ण बार्लीचा माल्ट तर सर्वस्वी वेगळा. हा फरक कळतो कुणाला? जो माणूस हे तिन्ही शेजारी ठेवून चाखतो त्याला. मळीच्या स्पिरिटाची व्हिस्की नाकाला करपलेल्या साखरेसारखी गोड वाटते आणि घोट गिळताच मागे काहीच राहत नाही, नुसती जळजळ. माल्टचा घोट गिळल्यावर तोंडात बराच वेळ काहीतरी घडत राहतं. हे शिकायला अठरा वर्षांचं स्कॉच लागत नाही, दोन क्वार्टर लागतात. जे सगळ्यांना सरसकट ‘रम’ म्हणतात, त्यांनी हा प्रयोग केलेलाच नसतो. मग आमच्या हौशी तुलनेला अडाणी कुणी म्हणायचं?

बर्बनवरचा राग मला सर्वांत अन्यायाचा वाटतो, म्हणून तिथे थोडा जास्त थांबतो. अमेरिकेच्या संसदेने 1964 साली ठराव करून बर्बनला त्या देशाचं खास उत्पादन म्हणून मान्यता दिली. त्यामागचे नियम स्कॉचच्या नियमांहून काही बाबतींत जास्त कडक आहेत. धान्यात निदान 51 टक्के मका हवा. पिंप ओकचं, कोरं आणि आतून जाळलेलं हवं. पिंपात भरताना स्पिरिटाची तीव्रता 62.5 टक्क्यांहून जास्त चालत नाही. रंग, चव असं काहीही वरून घालायचं नाही. स्कॉचमध्ये रंगासाठी कॅरमल घालायला परवानगी आहे. बर्बनचा तांबूस रंग फक्त लाकडाचा. मग ‘भेसळमुक्त’, ‘अस्सल’ हे शब्द कुणाला शोभतात?

आणखी एक गोष्ट. बर्बनला दर वेळी कोरं पिंप लागतं, म्हणून एकदा वापरलेली पिंपं अमेरिकेबाहेर जातात. स्कॉटलंडमधली बहुतेक व्हिस्की याच बर्बनच्या जुन्या पिंपांत मुरते. अमृतही ती वापरतं. स्कॉचच्या ग्लासात ज्यांना व्हॅनिला आणि खोबऱ्याचा वास येतो आणि ज्याची ते भरभरून वाखाणणी करतात, तो वास त्या अमेरिकन ओकचा आहे. बर्बनला नावं ठेवून बर्बनच्याच पिंपातलं स्कॉच डोक्यावर घेणं, यात कुठली रसिकता आली?

परवडणाऱ्या बर्बनबद्दल अमेरिकेतला सामान्य गिऱ्हाईक किती जागा असतो, याचं उदाहरण 2013चं आहे. मेकर्स मार्क या कंपनीने मागणी वाढल्यामुळे आपल्या व्हिस्कीची तीव्रता 45 टक्क्यांवरून 42 टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं. नेहमीच्या गिऱ्हाइकांनी एवढा गदारोळ केला की काही दिवसांतच कंपनीने निर्णय मागे घेतला. हे गिऱ्हाईक काही लिलावात बाटल्या घेणारे धनाढ्य नव्हते. त्यांना आपली रोजची बाटली ठाऊक होती. आपल्याकडच्या किती ‘जाणकारां’ना आपल्या आवडत्या बाटलीची तीव्रता सांगता येईल?

आता आम्ही हौशी लोक नेमकं करतो काय, तेही सांगतो, कारण त्याचीच टिंगल होते. अधूनमधून एखाद्या शनिवारी तिघे-चौघे जमतो. प्रत्येकाने एक क्वार्टर किंवा घरातली उघडलेली बाटली आणायची, म्हणजे कुणा एकाच्या खिशाला भार नाही. बाटल्या स्वयंपाकघरात राहतात. न पिणारं कुणीतरी सारख्या आकाराच्या लहान ग्लासांत जेमतेम पंधरा-पंधरा मिलिलिटर ओततं आणि ग्लासांच्या बुडाला कागदी चिठ्ठ्या चिकटवतं. चकण्याला बिनमिठाचे शेंगदाणे आणि साधे फुटाणे, कारण मसाला डाळ खाऊन जिभेला काही कळत नाही. आधी नुसता वास, मग एक घोट, मग चमच्याने थोडं पाणी. पाण्यावर नाक मुरडणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. व्हिस्की कंपन्यांचे ब्लेंडर वास घेताना दारू साधारण 20 टक्क्यांपर्यंत पातळ करतात. आणि स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी 2017 साली दाखवलं की पाणी घातल्यावर धुराच्या वासाचे रेणू पृष्ठभागाकडे येतात. पाणी घालणं हा व्हिस्कीचा अपमान नाही, ती उघडण्याची रीत आहे.

मग प्रत्येक जण वहीत लिहितो. जिम बीममध्ये भाजलेल्या शेंगदाण्याचा आणि नव्या लाकडाचा वास. जॅक डॅनियल्समध्ये पिकलेलं केळं, अगदी शिकरणाच्या वाटीतलं. पॉल जॉन निर्वाणात मध आणि चिकूची साल. साध्या अमृत माल्टमध्ये ज्येष्ठमध, लवंग आणि पाणी घातल्यावर संत्र्याची साल. धूर दिलेल्या माल्टमध्ये एकाला एकदा गोड्या मसाल्यातलं दगडफूल सापडलं, आणि पुन्हा वास घेतल्यावर आम्हा सगळ्यांना ते पटलं. यात कल्पनेचे खेळ फारसे नाहीत. जळलेल्या ओकमधून व्हॅनिलाचा रेणू उतरतो, लवंगेतला युजेनॉलही उतरतो, आणि किण्वन होताना केळ्याच्या वासाचं संयुग खरोखर तयार होतं. जो मराठी माणूस डोळे मिटून आंबेमोहोर आणि कोलम ओळखतो, त्याला नाक नाही असं कुणी ठरवलं? स्कॉटलंडच्या डोंगरावरचं झुडूप आम्ही पाहिलेलं नाही, पण दगडफूल पाहिलं आहे. चव सांगायला आपल्याच घरातले शब्द पुरतात.

शेवटी चिठ्ठ्या उघडतात. महागडी बाटली वर येते तेव्हा आम्ही ते मान्य करतो. पण पुष्कळदा ती मधे कुठेतरी असते. एकदा विमानतळावरून आणलेल्या एका नावाजलेल्या बाटलीचा मालक स्वतःच तिला तळाला टाकून बसला होता. त्याने ते हसत कबूल केलं, म्हणून तो आजही आमच्यात आहे.

एक आक्षेप गंभीर आहे आणि तो मी गंभीरपणेच घेतो: ‘हे सगळं व्यसनाला सोवळं नेसवणं आहे.’ दारू शरीराला हितकारक नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली स्पष्ट म्हटलं, की तिचं कुठलंही प्रमाण पूर्णपणे सुरक्षित नाही. जो पीत नाही त्याने आमच्यामुळे सुरू करू नये, आणि ज्याच्या घरात दारूने कुणाचा संसार मोडला आहे त्याच्यापुढे मी चवीची भाषा बोलणार नाही. पण हा आक्षेप घेणारे महागड्या बाटलीला तो लावत नाहीत, हे मला खटकतं. नाशिकला गंगापूर धरणाकाठी द्राक्षमळ्यात वाइन चाखायला गेलेलं कुटुंब सुसंस्कृत ठरतं, फोटो टाकतं. त्याच काळजीने आणि त्याहून कमी प्रमाणात व्हिस्की चाखणारा मात्र व्यसनी ठरतो. महाराष्ट्रात तर दारू पिण्याचा परवानाच कायद्याने आरोग्य राखण्यासाठी म्हणून दिला जातो. औषध म्हणून घ्या किंवा लपून घ्या, पण आवड म्हणून घेतो असं सांगू नका, हे आपण पिढ्यानपिढ्या शिकलो. लपून पिणारा भरभर पितो. समोर चार ग्लास, हातात पेन्सिल आणि मित्रांशी वाद असेल, तर पंधरा मिलिलिटरला अर्धा तास लागतो.

आणि या सगळ्या तिरस्काराच्या मुळाशी काय आहे, तेही बोललंच पाहिजे. कर्नाटकात 90 आणि 180 मिलिलिटरच्या कागदी डब्यांत स्वस्त दारू मिळते. दिवसभर सिमेंटची पोती वाहणारा माणूस संध्याकाळी छापील किमतीत दारू विकणाऱ्या ‘एमआरपी’ दुकानाच्या कट्ट्याशी उभा राहून ती घेतो. ‘ही तर ड्रायव्हर लोकांची दारू’ असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा राग दारूवर नसतो, ड्रायव्हरवर असतो. आपण त्याच्यापैकी नाही हे दाखवण्यासाठी बाटली बदलायची आणि त्याला अभिरुची म्हणायचं, हे मला मान्य नाही. त्या कागदी डब्यातला माल वाईट असेल तर वाईट म्हणा, चाखून म्हणा, का वाईट ते सांगा. सगळ्यात जास्त पिळवणूक त्याच गिऱ्हाइकाची होते, कारण त्याच्या बाजूने चवीचं कुणीच बोलत नाही. परवडणाऱ्या मालाची तुलना जितके लोक उघडपणे करतील, तितकं कंपन्यांना चांगला माल स्वस्तात द्यावा लागेल. महागड्या बाटल्यांच्या आरत्या करून हे कधी घडलेलं नाही.

म्हणून पुन्हा सांगतो. परवडणारी व्हिस्की लक्ष देऊन, थोडी, लेबल झाकून चाखणारा हौशी माणूस हाच व्हिस्कीचा खरा परीक्षक आहे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी माझ्याशी शब्दांनी वाद घालू नये. आपली आवडती महागडी बाटली आणि तिच्या चौथाई किमतीची एक अशा दोन बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळा, घरातल्या कुणालातरी ओतायला सांगा, आणि कुठली कुठली आहे ते चार साक्षीदारांसमोर ओळखून दाखवा. सलग तीनदा बरोबर आलं, तर मी तुमचं म्हणणं ऐकायला तयार आहे.